युनिट कितीला पडलं?

लोणंदमध्ये वस्तूची किंमत कुणी विचारत नाही, ती कितीला पडली हे विचारतात. किंमत काय, दुकानदारही सांगतो. पण फलटणहून आणलेली शिलाई मशीन कितीला पडली, या प्रश्नाच्या उत्तरात एसटीचं भाडं, दोन चहा, टेम्पोवाल्याची हमाली, घासाघीस करून सोडवलेले दोनशे रुपये आणि मेहुण्याच्या ओळखीनं घेतल्यामुळं त्याला पुढं कधीतरी घालावं लागणारं मटणाचं जेवण, एवढं सगळं आलं पाहिजे. हे गाव कांद्याच्या बाजारावर पोसलेलं. इथं पोरगं पाढे शिकायच्या आधी आडत्यानं दिलेली विक्रीची पट्टी वाचायला शिकतं. वजन अमुक, भाव तमुक, त्यातून हमाली गेली, तोलाई गेली, भाडं गेलं, उचल गेली, आणि शेवटी हातात राहिलं ते घेऊन बाप घरी कसा काय गेला, हे त्याला लहानपणीच कळतं.

अशा गावात सोलर आलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ काढली. एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायची, पंचाहत्तर हजार कोटींचा खर्च, महिन्याला तीनशे युनिटांपर्यंत वीज फुकट. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला अठरा हजार, एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. त्यापुढं कितीही बसवा, अनुदान तेवढंच. बाकी महाराष्ट्रानं जाहिरातीतला ‘मुफ्त’ हा शब्द वाचला आणि अर्ज भरला. आमच्या गल्लीनं तो वाचला आणि आबांच्या ओट्यावर बैठक बसवली. विषय एकच : हे फुकटचं कितीला पडंल?

आबा एका सहकारी संस्थेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर, गच्ची मोकळी, पोरगा हिंजवडीला. समोर सोलर कंपनीचा पोरगा, अंगात कंपनीचा टी-शर्ट, मांडीवर माहितीपत्रक. शेजारी गुरुजी, हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून वर्गमूळ काढण्याची सवय न गेलेले. भिंतीला टेकून आडतीवाले शेठ. दारात, निम्म्या आत आणि निम्म्या बाहेर, आबांच्या पत्नी, म्हणजे काकी. मी पायरीवर.

पोरानं माहितीपत्रक पालथं केलं आणि पाठीमागं हिशेब मांडला. तीन किलोवॉटचा सेट, बसवून एक लाख नव्वद हजार. अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार. खिशातून जाणार एक लाख बारा हजार. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉट वर्षाला चार हजार तीनशे धरा. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची. दरवर्षी ते अर्धा-पाऊण टक्का कमी वीज देत जातं, तेही वजा करून पंचवीस वर्षांत एक लाख युनिट. “घाला भागाकार. एक रुपया बारा पैसे युनिट. जन्मभर.”

ओट्यावर शांतता पसरली. आकडा वाईट म्हणून नव्हे. इतका सोपा भागाकार लोणंदनं कधी पाहिला नव्हता.

“घट अर्धा टक्का?” शेठनी विचारलं.

“वर्षाला, शेठ.”

शेठनी पोराकडं अशा नजरेनं पाहिलं, की पोरगं चपापलं. चाळीत ठेवलेला कांदा चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घटतो. सडतो, सुकतो, त्याला कोंब फुटतात. वर्षाला अर्धा टक्का एवढी घट तर शेठच्या मते ट्रॅक्टरातून काट्यावर जाईपर्यंतच होते. “आसला माल आमच्याकडं आलाच न्हाई कधी,” ते म्हणाले. त्यांचा सोलरवर विश्वास बसला तो त्या क्षणी, आणि पोरावरचा उडाला तोही त्याच क्षणी.

इथं आमच्या मुलखाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, तिथं पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला आम्ही आहोत, आमच्याकडं त्या पावसाची बातमी येते. सह्याद्रीनं ढग अडवून ठेवायचे आणि आम्ही नीरेच्या कालव्याकडं डोळे लावून बसायचं, हा पिढ्यान् पिढ्यांचा करार आहे. दुष्काळी म्हणून या पट्ट्याची जेवढी नालस्ती झाली तेवढी क्वचित कुणाची झाली असेल. आणि आता हा पोरगा येऊन सांगत होता की तुमच्याकडं ऊन फार चांगलं आहे, आकाश मोकळं आहे, महाबळेश्वरच्या बंगलेवाल्याला हे सुख नाही. आबांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच आभाळात ढग नसल्याबद्दल कुणीतरी त्यांचं अभिनंदन करत होतं.

गुरुजींनी ती फुगलेली छाती लगेच खाली बसवली. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी हायस्कुलातल्या पट्टीत सांगितलं. पॅनेलची ताकद कारखान्यात मोजतात ती पंचवीस अंश तापमानाला. लोणंदच्या गच्चीवर पंचवीस अंश पाहायचे असतील तर थंडीच्या दिवसांत सकाळी नऊला वर जावं. मे महिन्यात पॅनेलचा पत्रा साठाला टेकतो, आणि पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला ते साधारण एक तृतीयांश टक्का काम कमी करतं. म्हणजे भर उन्हात बारा टक्के सुस्ती. “मग ते आपल्यासारखंच हाय की,” आबा म्हणाले. त्यांना ती यंत्रसामग्री एकदम घरची वाटू लागली.

मग गुरुजींनी वही मागवली. पोराच्या हिशेबात इन्व्हर्टर एकदाच होता. पॅनेल पंचवीस वर्षं जगतं, इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत मान टाकतो. नवा धरा अडतीस हजार. शिवाय धुणं-पुसणं आणि वर्षातून एकदा वायरमनला बोलावणं, धरा पंधराशे. पंचवीस वर्षांचे साडेसदतीस हजार. बेरीज एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार. भागिले एक लाख. एक रुपया सत्त्याऐंशी पैसे.

“धुवायला पंधराशे?” काकी दारातून म्हणाल्या. “मी काय मेले?”

हा मुद्दा गुरुजींच्या वहीत कुठं टाकायचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. घरच्या बाईची मजुरी कोणत्याही हिशेबात शून्य धरायची आपल्याकडं रीतच आहे, आणि सोलरवाल्यांनी ती मोडलेली नाही. लोणंदला धुवायचं काय असतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. इतर गावांत पॅनेलवर धूळ बसते. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी वारा सुटला की कांद्याची फोलपटं उडतात. पातळ, गुलाबी, चिकट. ती पॅनेलवर जाऊन अशी बसतात की जणू पट्टी तिथंच करायची आहे. त्यात शेजाऱ्यानं गच्चीवर नवी पाण्याची टाकी चढवली तर सकाळी तिची सावली. पॅनेल एकापुढं एक जोडलेली असतात, त्यामुळं एकावर सावली पडली की रांगेतल्या बाकीच्यांचाही हात आखडतो. एका कोपऱ्यातल्या सावलीनं सगळी ओळ मंदावते, हे ऐकून आबांना संस्थेतली जुनी संचालक मंडळाची बैठक आठवली.

इथवर सगळं ठीक होतं. मग गुरुजींनी तो प्रश्न काढला, ज्यानं गल्लीचे दोन तट पडले. ते म्हणाले, “आबा, एक लाख बारा हजार तुम्ही आज देणार. वीज मिळणार पंचवीस वर्षांत सुटी-सुटी. विसाव्या वर्षाचं युनिट आणि उद्याचं युनिट एकाच भावानं कसं मोजता?”

“युनिटाला काय कीड लागती?”

“युनिटाला नाही. पैशाला लागते.”

आबांना पटेना. विजेचं युनिट ते युनिट, त्यात नवं-जुनं काय? अशा वेळी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ पाटीवर सिग्मा काढतात. गुरुजींनी शेठकडं बोट दाखवलं. “शेठ, आज रोख घेणार की दिवाळीला तेवढेच?”

“आज,” शेठ म्हणाले. त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. “दिवाळीला घ्यायचे तर दिवाळीचा भाव लावून घेणार. मधल्या दिवसांत माझे पैसे काय चाळीत झोपा काढतेत व्हय?”

बस्स. जगभरचे तज्ज्ञ ज्याच्यासाठी जाड पुस्तकं लिहितात, ते शेठनी तीन वाक्यांत उरकलं. पुढं मिळायच्या गोष्टीचा आजचा भाव कमी. किती कमी, ते तुमचा पैसा दुसरीकडं काय कमावतो त्यावर. म्हणून खर्चही आजच्या भावात आणायचा, युनिटंही आजच्या भावात आणायची, आणि मग भागाकार. जगात सोलर, कोळसा, अणू, पवनचक्की यांची तुलना याच रीतीनं करतात. आबांचे पैसे मुदत ठेवीत होते. गुरुजींनी आठ टक्के धरले, चष्मा कपाळावर चढवला, आणि काकींनी चहा करून आणेपर्यंत वहीचं पान भरवलं. एक लाख युनिटांची पावणेचव्वेचाळीस हजार झाली. “तीन रुपये सत्तावीस पैसे.”

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सकाळपासून एक इंचही न हललेल्या सूर्याच्या विजेचा भाव त्यांच्या ओट्यावर दोन रुपयांनी वाढला होता.

“माझ्यासाठी काढा,” शेठ म्हणाले. त्यांचा पैसा धंद्यात बारा टक्क्यांनी फिरतो, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजात, कारण रस्त्यावरून विक्रीकरातला एक निवृत्त माणूस चालला होता. चार रुपये बारा पैसे.

पायरीखाली एक भाजीवाला हातगाडी लावून ऐकत उभा होता. त्यानं विचारलं, “आन् मी दोन टक्क्यानं काढले तर?” दोन टक्के वर्षाला नव्हे, महिन्याला. लोणंदमध्ये ते सांगावं लागत नाही. गुरुजींनी चोवीस धरून आकडे केले आणि वही जराशी झाकली. सहा रुपये पंच्याण्णव पैसे.

तीच गच्ची, तेच पॅनेल, तेच ऊन. एकाला एक रुपया बारा, एकाला तीन सत्तावीस, एकाला सात रुपये. सोलरची वीज सूर्यापासून तयार होते, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे. ती बऱ्याच अंशी व्याजाच्या दरापासून तयार होते, हे त्या ओट्यावर कळलं. सोलरमध्ये रोजचं इंधन नाही, सगळा खर्च पहिल्याच दिवशी. त्यामुळं ज्याला पैसा स्वस्त त्याला ऊन स्वस्त. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात मोठ्या सौर प्रकल्पांनी युनिटाला एक रुपया नव्याण्णव पैशांचा भाव दिला होता. सोलरवाला पोरगा तो आकडा सारखा तोंडावर फेकत होता. पण ती मंडळी शेकडो मेगावॉट मांडतात, कर्ज स्वस्तात उचलतात आणि पंचवीस वर्षं गिऱ्हाईक पळणार नाही असा कागद करून घेतात. भाजीवाल्याचं गिऱ्हाईक कोथिंबीर फुकट मिळाली नाही की पळतं.

यानंतर आयुष्याचा विषय निघाला. ‘आयुष्यभराचा खर्च’ म्हणताना आयुष्य कुणाचं? पोरगा म्हणाला, पॅनेलचं. आबा म्हणाले, “माझं एकाहत्तर हाय.”

गुरुजींनी इतिहास सांगितला. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला गेला, पडलेल्या उन्हातलं जेमतेम सहा टक्के विजेत बदलणारा. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ नावाचा चिमुकला उपग्रह उडाला, त्याच्यावर तसलेच घट बसवलेले. साध्या बॅटरीवरचा त्याचा ट्रान्समीटर त्याच वर्षी जूनमध्ये गप्प झाला. उन्हावरचा मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला. उपग्रह अजूनही पृथ्वीभोवती फिरतोय. गुरुजींना सांगायचं होतं की ही चीज टिकाऊ आहे.

“म्हंजे सा वर्षं,” आबा म्हणाले. “मग ह्यानं पंचवीस कुठनं आणली?”

गुरुजी हरले. पोरानं हमीपत्र पुढं केलं. त्यात लिहिलं होतं की पंचविसाव्या वर्षीही पॅनेल मूळ ताकदीच्या ऐंशी टक्के तरी वीज देईल. आबांनी ते दोनदा वाचलं. “पंचविसाव्या वर्षी ऐंशी टक्के,” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायचा प्रयत्न केला. त्यांच्या स्वतःच्या हमीपत्रात असं काही लिहिलेलं नव्हतं. कंपनी तोवर टिकेल का, हा प्रश्न शेठनी विचारला. पोरगा कंपनीत तीन महिन्यांपासून होता.

शेवटी आबांनी स्वतःसाठी दहा वर्षं धरली. त्यात इन्व्हर्टर बदलायची वेळ यायच्या आतच ते सुटणार होते. साधा भागाकार, व्याज न लावता : तीन रुपये चार पैसे. पुढची पंधरा वर्षं पोराला फुकट. हा आकडा फोनवरून हिंजवडीला कळवला तेव्हा पोरगा म्हणाला, “बाबा, पुढं ते घर आपण विकूच ना.” त्यानंतर ओट्यावर थोडा वेळ कुणी भागाकार केला नाही.

लोणंदच्या पद्धतीत प्रत्येकाचा स्वतंत्र दर असतो. अंदोरीकडचा एक शेतकरी बाजाराला आला होता, तोही बैठकीत बसला. त्यानं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून दहा टक्के भरून पाच अश्वशक्तीचा पंप घेतलेला. त्याला गुरुजींनी विचारलं, तुला युनिट कितीला पडतं? तो म्हणाला, युनिट काय माहीत नाही, पण पूर्वी आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची लाईट असायची. बॅटरी घेऊन रात्री दोनला दारं धरायला जायचं, पायाखाली साप आहे का पाहायचं, उसात बिबट्या आहे का ते न पाहायचं. आता दिवसा पाणी देतो आणि रात्री झोपतो. गुरुजींनी पेन उचललं, थोडा वेळ धरलं, खाली ठेवलं. झोपेला आठ टक्के लावायचे की बारा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तसं पाहिलं तर आमच्या जिल्ह्यानं वीज या विषयात काय बाकी ठेवलंय? पाणी अडवून कोयना केली, साठच्या दशकात तिची वीज सुरू झाली, आज एक हजार नऊशे साठ मेगावॉटचा प्रकल्प आहे. वारा अडवून वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या. आता ऊन. कोयनेच्या जुन्या टप्प्यांची वीज स्वस्त म्हणून नावाजली जाते, कारण भिंतीचा खर्च कधीच फिटला. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे अर्ज मात्र नातवंडांच्या काळातही हिंडतायत, आणि ते कुठल्याच युनिटाच्या भावात धरलेले नाहीत. हिशेबात काय धरायचं नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडं, त्याचं युनिट नेहमीच स्वस्त. आबांच्या गच्चीवर फक्त काकींचे धुण्याचे पंधराशे बुडत होते, ही त्यातल्या त्यात बरी बाब. त्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. अख्ख्या वाडीच्या छपरांवर पॅनेल. तिथल्या लोकांनी एवढा भागाकार केला असेल असं मला वाटत नाही. वाडी एकत्र निर्णय घेते. लोणंद एकत्र शंका घेतं.

खरी अडचण वेगळीच होती, ती काकींनी काढली. “आपल्याला वीज लागती किती?”

बिलं काढली. थंडीत ऐंशी-नव्वद युनिट, उन्हाळ्यात दीडशे. सरासरी एकशेवीस. तीन किलोवॉटचा सेट महिन्याला तीनशेसाठ युनिटं देणार. म्हणजे आबांच्या घराला एक किलोवॉट पुरत होता. आतापर्यंतचे सगळे भागाकार तयार होणाऱ्या युनिटांवर चालले होते, वापरल्या जाणाऱ्या नव्हे. वापरातल्या तिसऱ्या हिश्श्यावर सगळा बोजा टाकला, तर एक सत्त्याऐंशीचं युनिट पाच रुपये एकसष्ट पैशांना पडत होतं. २०२४-२५ मध्ये महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांपर्यंत चार रुपये एकाहत्तर पैसे होता, अधिक एक रुपया सतरा पैसे वहन आकार. बेरीज पाच अठ्ठ्याऐंशी. शंभराच्या आत घासून घासून सत्तावीस पैशांचा फायदा. शंभराच्या वर गेलं की तोच दर चार एकाहत्तरवरून दहा एकोणतीसवर उडी मारायचा, म्हणून ज्याच्याकडं एसी त्याला सोलर सोन्यासारखं. आबांकडं एक पंखा, तोही तीनवर फिरवला तर काकी दोनवर आणतात.

शहाणपण सांगत होतं, एकच किलोवॉट बसवा. पण एकावर अनुदान तीस हजार आणि तिनावर अठ्ठ्याहत्तर हजार. सरकार पुढं करतंय ते अठ्ठेचाळीस हजार सोडून द्यायचे, हे आबांना झेपलं नाही. गल्लीतल्या एकालाही झेपलं नसतं. वीज किती लागते यावरून पॅनेल ठरवायचं असतं, अनुदान किती मिळतं यावरून नाही, असं गुरुजी तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पोराचा अर्ज भरून झाला होता.

पॅनेल बसली. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला आली, तेव्हा आबांनी घराबाहेर पाटीच लावली : मोबाईल चार्जिंग फुकट. ओट्यावर ऐंशी फोन आणि एक विणेकऱ्यांचा रेडिओ. पालखीचे दिवस ढगाळ, त्यामुळं ती वीज सूर्याची कमी आणि तारेवरची जास्त होती, हे गुरुजींनी सांगितलं. वारकऱ्यांनी त्यांना ‘माउली’ म्हटलं आणि विषय मिटला.

पहिला धक्का बसला तो ऑक्टोबरात. दुपारी एक वाजता, पॅनेल तापून पापड भाजता येईल अशी, आणि लाईट गेली. आबा खुर्चीत निवांत होते. सगळ्या गल्लीचे पंखे थांबले, आता आपला तेवढा फिरेल म्हणून त्यांनी अभिमानानं वर पाहिलं. तोही थांबलेला. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, बिनबॅटरीचं सोलर असंच असतं. तारेत लाईट नसली की ते आपोआप बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या माझ्यासारख्याला तुमच्या गच्चीवरनं शॉक बसायचा. कारण सोळा आणे खरं होतं. तरीही डोक्यावर सूर्य आग ओकतोय, गच्चीवर दोन लाखांचा माल त्याच्याकडं तोंड करून बसलाय, आणि आपण वर्तमानपत्रानं वारा घेतोय, हे चित्र आबांना पचलं नाही. बॅटरी लावायची तर किती, असं त्यांनी विचारलं. वायरमननं आकडा सांगितला. गुरुजींनी वही उघडायच्या आत आबांनी ती मिटवली.

दुसरा धक्का मार्चचा. बिल शून्य येत नाही, स्थिर आकार येतोच, ते एव्हाना पचलं होतं. पण उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात आणि ३१ मार्चला त्या साठ्याची पट्टी होते, हे फेब्रुवारीत कळलं. उरलेल्या युनिटांना कंपनी जो भाव देते तो आपण मोजतो त्याच्यापेक्षा बराच खाली. आबांच्या खात्यावर दोन हजारांच्या पुढं युनिटं साचलेली. शेठना ही बातमी लागताच ते धावत आले. त्यांच्या आयुष्यात हा प्रसंग दरवर्षी येतो : माल चाळीत पडून, भाव कोसळलेला. “आबा, बाजारात नेऊ नगा,” ते म्हणाले. “घरातच खपवा.”

मग त्या घरात वीज खपवायची मोहीम सुरू झाली. गिझर दोनदा लागू लागला. इस्त्री न मोडलेल्या कपड्यांवर फिरली. हिंजवडीच्या पोराला सुट्टीला बोलावून त्याची इलेक्ट्रिक स्कूटर टेम्पोत घालून आणायला लावली आणि ती सतत चार्जिंगला. आबांनी पंखा पाचवर केला, काकींनी तो दोनवर आणला नाही, आणि आबांना थंडी वाजून खोकला झाला. एवढं करून शंभर युनिटंही हलली नाहीत.

काकी चार दिवस हे बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी फलटणहून घरघंटी आणि मिरची कांडपाचं छोटं यंत्र आणवलं. मार्च म्हणजे वर्षाच्या तिखटाचा महिना. गल्लीतल्या बायका डंकावर रांगा लावून घामाघूम होतात, त्यांनी आता काकींकडं यावं. सकाळी अकरा ते चार, उन्हाच्या वेळात. ओट्यावर मिरच्यांची पोती, आत धने, खोबरं, लवंगा, आणि सगळ्या गल्लीला शिंका.

गुरुजी धापा टाकत आले. घरगुती मीटरवर पैसे घेऊन कांडप चालवलं तर व्यापारी दर लागू शकतो, दंडही होऊ शकतो, असं त्यांनी बजावून सांगितलं.

“पैसे कोण घेतंय?” काकी म्हणाल्या. “किलोमागं वाटीभर तिखट ठेवून घेते.”

गुरुजींनी वही उघडली. एक किलो मिरचीला किती युनिटं, वाटीत किती ग्रॅम, तिखटाचा बाजारभाव काय, घट किती, घरघंटीचं आयुष्य किती वर्षं धरायचं आणि त्यावर व्याज आठ की बारा. शिंकत शिंकत त्यांनी अर्धं पान भरवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी बेरीज थांबली नव्हती.

“गुरुजी,” काकी यंत्राच्या आवाजावरून ओरडल्या, “तुमच्या घरनं मिरच्या आल्यात का? न्हाईतर मधनं उठा. मागं लाईन लागलीया.”